शेवटच्या दिवशी पहिली सीट

टूरच्या बसमध्ये सीटांची पाळी असते. पहिल्या दिवशी जिथं बसलात तिथून रोज एक रांग पुढं सरकायचं आणि पहिल्या रांगेतल्यांनी उठून शेवटी जायचं. भांडणं नकोत म्हणून ही सोय. डब्लिनला उतरल्यावर आमच्या बॅगेचं एक चाक निखळलं, त्या गडबडीत बसपाशी पोचायला उशीर झाला आणि आम्हाला आठवी रांग मिळाली. मी तिथंच हिशोब घातला. टूर आठ दिवसांची, म्हणजे शेवटच्या दिवशी पहिली रांग आपली. मागं नवव्या रांगेत तासगावचे एक द्राक्षबागायतदार होते. त्यांनीही बोटं मोजली आणि म्हणाले, "म्हंजे आमचा नंबर तुम्ही इमानात बसल्यावर लागणार. आमच्याकडं उसाची तोड बी अशीच देत्यात."

तोडीचा, म्हणजे ऊस तोडायच्या पाळीचा, विषय निघाला की मी गप्प बसतो. कारण मी कारखान्यातला माणूस. एकतीस हंगाम पॅनवर काढले. पॅन म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे. उसाचा घट्ट रस निर्वात भांड्यात उकळत ठेवून त्यात साखरेचा दाणा धरायला लावतात, ते घराएवढं भांडं म्हणजे पॅन. कारखान्याचं नाव लिहीत नाही. धुराडं आहे, धूर नाही, एवढं सांगितलं तरी पुरे. माझी ग्रॅच्युइटी तीन वर्षं अडकली होती. ती एकदाची आली तेव्हा ही म्हणाली, "कुणी उसने मागायच्या आत कुठंतरी जाऊन येऊ." तिला हिरवं बघायचं होतं. मी म्हटलं, महाबळेश्वर आहे की, कृष्णेच्या उगमाला जाऊ. तर म्हणे, तिथं मी सातवीच्या सहलीला गेले होते.

म्हणून आयर्लंड.

पहिल्या सात दिवसांचं इथं लिहीत बसत नाही. मोहरचे कडे बघितले, वाऱ्यानं हिची ओढणी नेली. केरीची प्रदक्षिणा केली. फोटो घरच्या ग्रुपवर टाकून झालेत आणि 'छान' असे एकवीस अंगठे आलेत. मला लिहायचंय ते शेवटच्या दिवसाबद्दल. टूरमधला शेवटचा दिवस म्हणजे भरताड दिवस, अशी माझी पक्की समजूत होती. बॅगा भरा, बसा, झोपा, उतरा.

किलार्नीच्या हॉटेलात सकाळी सातला बॅगा दाराबाहेर ठेवायच्या होत्या. पाऊस होता. तिथला पाऊस आपल्यासारखा वाजत-गाजत येत नाही, नुसता हवेत उभा असतो. अंगावर पडल्याचं कळत नाही आणि दहा मिनिटांत शर्ट ओला. आठला बस निघाली. टूर मॅनेजर पोरगा माइकवर म्हणाला, "आज काका-काकू व्हीआयपी." मागून टाळ्या. आम्ही पहिल्या रांगेत, दाराच्या बाजूला. तिथंही गाडी आपल्यासारखी रस्त्याच्या डावीकडूनच चालवतात, त्यामुळं ड्रायव्हर उजव्या हाताला आणि त्याचा चेहरा मला बाजूनं अख्खा दिसत होता. सात दिवस मी फक्त त्याची टोपी बघितली होती.

आणि पुढची काच! बाजूच्या खिडकीतून देश मागं पळताना दिसतो, पुढच्या काचेतून तो अंगावर येतो. रस्ता इतका अरुंद की दोन्हीकडच्या कुंपणाच्या फांद्या आरशाला घासत होत्या. मे संपत आला होता. त्या कुंपणांना, हॉथॉर्न म्हणतात त्या काटेरी झाडांना, पांढऱ्या फुलांचा बहर होता. वावरं लहान लहान. एका वावरात मधोमध असं एकच झाड उभं होतं, नांगर त्याला वळसा घालून गेलेला. ड्रायव्हर म्हणाला, ते तोडत नाहीत, त्यात 'ते लोक' राहतात. ते लोक म्हणजे पऱ्या-बिऱ्या. क्लेअर परगण्यात १९९९ साली असल्याच एका झाडासाठी मोठ्या रस्त्याच्या आखणीवरून वाद झाला आणि झाड वाचलं. हिनं लगेच हात जोडले. आमच्या पलूसच्या शेतात बांधावर म्हसोबा आहे, ट्रॅक्टरवाला दर वर्षी त्याच्याभोवती अशीच गिरकी घेतो.

ठिकठिकाणी काळ्या प्लॅस्टिकात गुंडाळलेले गोल गठ्ठे पडलेले. मागच्या रांगांमध्ये तर्क चालू होते, टाक्या असतील, पाइप असतील. तो मुरघास. गवत कापायचं, दाबायचं, हवा लागू द्यायची नाही आणि हिवाळाभर गाईंना घालायचं.

ड्रायव्हरच्या इंग्रजीचं पहिल्यांदा अवघड गेलं. तो 'थ' म्हणतच नाही. 'थर्टी'ला 'तर्टी', 'थ्री'ला 'ट्री'. पण माझं इंग्रजी बॉयलरच्या मॅन्युअलवर पोसलेलं, त्यामुळं त्यालाही माझं तितकंच अवघड जात असणार. त्यानं विचारलं, काय काम करायचास? मी म्हटलं, "शुगर. थर्टी वन इयर्स." तो हळहळला. माझ्या भावालाही आहे म्हणाला, सकाळी उठून सुई टोचून घेतो. आदल्या दिवशी त्यानं मला बिनसाखरेचा चहा पिताना बघितलं होतं. (शुगर मला तीही आहे, पण ती अकराच वर्षं.) मी म्हटलं, "फॅक्टरी, फॅक्टरी. शुगर फॅक्टरी."

त्यानं माझ्याकडं वळून बघितलं. त्या अरुंद रस्त्यावर ते त्यानं करायला नको होतं.

तेवढ्यात मॅलो गाव आलं. तिथल्या पाट्यांवर वर आयरिश आणि खाली इंग्रजी नाव असतं. मॅलोचं आयरिश नाव 'माला'. ही म्हणाली, माझ्या मावशीचं नाव. ड्रायव्हरनं स्टिअरिंगवरचा डावा हात उचलला आणि घरांच्या पलीकडं बोट केलं. "तिकडं होता. साखर कारखाना. पाडला." मला वाटलं, हा माझी फिरकी घेतोय. आठ दिवस या देशात गवत आणि गाई यापलीकडं काही दिसलं नव्हतं. ऊस तर सोडाच, उन्हाचाच पत्ता नाही. मग त्यानं सांगितलं, बीट. जमिनीतलं बीट, पण आपलं तांबडं कोशिंबिरीचं नव्हे, पांढरं, मुळ्याच्या आजोबांएवढं.

पुढचा तासभर मी काय काय विचारलं ते सगळं आठवत नाही, पण ही म्हणते, तुम्ही त्याला श्वास घेऊ दिला नाही. आयर्लंडात चार साखर कारखाने होते. पहिला कार्लोला, १९२६ साली. मग सरकारनं स्वतःची कंपनी काढून तो घेतला आणि १९३४ला आणखी तीन उभे केले: मॅलो, थर्ल्स आणि टूम. आता एकही नाही. ट्यूबवेल आटत जातात तसे एकेक गेले. टूम ऐंशीच्या दशकात, थर्ल्स १९८९ला, कार्लो २००५ला आणि शेवटचा मॅलो २००६ला. त्या वर्षी युरोपियन युनियननं साखरेचा भाव चार वर्षांत ३६ टक्क्यांनी खाली आणायचं ठरवलं आणि जे कारखाना बंद करतील त्यांना भरपाई ठेवली. हिशोब करणाऱ्यांनी हिशोब केला. आपल्याकडं उसाचा भाव दिल्लीत ठरतो, त्यांचा ब्रसेल्समध्ये ठरायचा. फरक एवढाच की त्यांचा कारखाना बंद करायचा म्हणून पैसे मिळाले. आमच्याकडं तो चालू ठेवतो म्हणून मिळतात आणि मग तो बंद पडतो.

ड्रायव्हर स्वतः थर्ल्सच्या बाजूचा, टिपरेरी परगण्यातला. हद्दीची पाटी आली तेव्हा तासगावकर (शेवटी त्यांचा दुसरा नंबर लागला होता, आमच्या मागचीच रांग) मान पुढं काढून म्हणाले, "टिपरेरी? हितं टिपरं तरी कुठं दिसंना." उसाच्या कांड्याला आम्ही टिपरं म्हणतो. हे मी ड्रायव्हरला समजावून सांगायचा प्रयत्न केला. विनोद इंग्रजीत सांगायला गेलं की तो विनोद राहत नाही, खुलासा होतो. तो मान हलवत राहिला, भला माणूस.

शेतांच्या फाटकांवर निळे-पिवळे झेंडे लावलेले होते. हिनं विचारलं, कुणाची यात्रा आहे का? हर्लिंगची. लाकडी दांडका आणि चेंडू घेऊन खेळायचा त्यांचा खेळ. निळा-सोनेरी हा टिपरेरीचा रंग. त्या खेळांची संघटना १८८४ साली थर्ल्समध्येच स्थापन झाली, हे त्यानं एवढ्या जोरात सांगितलं की मागचे दोघं जागे झाले.

अकराच्या सुमारास कॅशेल आलं. सपाट हिरव्या रानात एकदम चुनखडीचा खडक वर आलाय आणि त्यावर मनोरा, देऊळ, तटबंदी. मन्स्टरच्या राजांची ती गादी. ११०१ साली राजानं ती चर्चला देऊन टाकली. वर ११३४चं एक छोटं दगडी चॅपल आहे, कॉर्मॅकचं, ते अजून छपरासकट उभं आहे आणि शेजारच्या मोठ्या कॅथेड्रलवर मात्र आभाळ. अठराव्या शतकात त्याचं छप्पर उतरवून घेतलं. चढ बेताचा, पण माझ्या गुडघ्यांना बेताचा नव्हता.

टूर मॅनेजरनं तिथं एक गोष्ट सांगितली. सेंट पॅट्रिक एंगस राजाला बाप्तिस्मा देत होता. मंत्र म्हणता म्हणता त्यानं हातातली टोकदार काठी खाली टेकवली ती राजाच्या पायातच. रक्त वाहिलं, पण राजा हूं की चूं करेना. विधी उरकल्यावर पॅट्रिकच्या लक्षात आलं. त्यानं विचारलं, बोलला का नाहीस? राजा म्हणाला, मला वाटलं हे विधीतच आहे. ही एवढी हसली की तिला खडकावर टेकावं लागलं. म्हणाली, "आपल्या लग्नात भटजींनी तुमचा अंगठा समईवर ठेवला होता, तुम्ही पण असंच." ते खरं आहे. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि मला खरंच वाटलं होतं की ते विधीतच आहे.

खाली गावातल्या कॅफेत पाऊण तास थांबलो. ड्रायव्हरला तसा नियमच आहे, साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते आणि त्याची नोंद गाडीतल्या यंत्रात होते. तो कोपऱ्यातल्या टेबलावर होता. मी हिला आलोच म्हणून सांगून त्याच्यासमोर जाऊन बसलो. टेबलावर साखरेच्या पुड्या होत्या. हात राहिला नाही. मोबाइल उपडा न ठेवता काच वर करून ठेवला, स्क्रीन बंद केली आणि त्या काळ्या काचेवर एक पुडी ओतली.

हे मी एकतीस वर्षं केलं. पॅनमधून सळईनं नमुना काढायचा, काचेच्या पट्टीवर थेंब पसरायचा, दिव्यासमोर धरायचा. दाणा कसा बसलाय, सारखा आहे की लहान-मोठा, दोन दाणे चिकटून जोडदाणा झालाय का, मध्येच नको असलेली बारीक भुकटी उगवलीय का. ती उगवली की सगळा पॅन बिघडतो, पाणी मारून ती विरघळवावी लागते. माझे पहिले उस्ताद डोळ्यांनी बघायचेच नाहीत, दोन बोटांत चोळून सांगायचे. मी नखानं दाणे पसरवले. आमच्या एस-३० पेक्षाही (ती आपल्याकडची बारीक दाण्याची प्रत) बारीक, पण एकासारखा एक. कडा धारदार. जोडदाणा शोधून सापडेना. कुठल्या देशात केली ते पुडीवर नव्हतं. उसाची की बीटची तेही दाणा बघून सांगता येत नाही, शेवटी सुक्रोज ते सुक्रोज. मी तर्जनी ओली करून जिभेला लावली. तेवढ्यात मागून हिचा आवाज आला, "अहो!" अकरा वर्षांची सवय, कितीही लांबून दिसतं तिला.

ड्रायव्हर बघत होता. मग म्हणाला, त्यांच्या भाषेत साखरेला 'शूक्रा' म्हणतात. मी त्याला दोनदा म्हणायला लावलं. शूक्रा. शर्करा! आपला शब्द इराण, अरबस्तान, फ्रान्स असा मुक्काम करत करत या पावसात येऊन पोचला होता. कुणाच्या पोत्यात बसून आला असेल कोण जाणे. मी कागदी रुमालावर देवनागरीत 'शर्करा' लिहून त्याला दिलं. त्यानं घडी करून खिशात ठेवलं.

मग तो त्याच्या बापाचं बोलला. बाप ट्रॅक्टर-ट्रेलरनं थर्ल्सच्या कारखान्याला बीट वाहायचा. बीट मार्च-एप्रिलात पेरतात आणि सप्टेंबरपासून उपटतात. हंगाम ऐन थंडीत. कारखान्याच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग, मैलभर. हा पोरगा बापाबरोबर केबिनमध्ये पोत्यावर झोपायचा, रांग हलली की बाप त्याला कोपर मारायचा, कारण बापही झोपलेला असायचा. मी म्हटलं, आमच्याकडं बैलगाड्या. बैल आपोआप चार पावलं पुढं जाऊन थांबतात, गाडीवान गोधडीत. त्याला बैलांचं फार कौतुक वाटलं. म्हणाला, ट्रॅक्टर कधी आपोआप गेला नाही.

"आणि काटा?" मी विचारलं.

काटा कसा सांगावा कळेना, मी हातानं तराजू केला. तो खदखदून हसला. तिथं काट्याचं नाही, मातीचं भांडण. बीट जमिनीतून निघतं, माती चिकटलेली असते. कारखाना नमुना घेऊन, धुऊन, माती किती ते ठरवणार आणि तेवढं वजनातून कापणार. ते ज्या खोलीत ठरायचं त्या खोलीवर अख्ख्या परगण्याचा राग. त्याचा बाप म्हणायचा, आम्ही इतकी माती दिलीय की कारखान्यानं त्यावर दुसरं शेत केलं असतं. मी कारखान्याच्या बाजूचा माणूस, पण हसलो. आमच्याकडं काटामारीवरून काय काय होतं ते सगळा जिल्हा जाणतो. एवढंच की परत जाताना ट्रेलर रिकामा नसायचा. साखर काढून उरलेला बीटचा चोथा जनावरांसाठी घेऊन जायचे. आपल्याकडं चोथा, म्हणजे बगॅस, बॉयलरला लागतो. त्यावर वाफ, वाफेवर वीज, विजेवर कारखाना, उसाला बाहेरून सरपण लागतच नाही. बीटच्या कारखान्याला कोळसा किंवा तेल विकत आणावं लागतं. हे कळल्यावर मला उगीचच उसाचा अभिमान वाटला, जसा काही तो माझ्या पोटचा.

हिला मी मधून मधून मराठीत सांगत होतो. वासाचं निघालं तेव्हा तिनं कान टवकारले. हंगामात थर्ल्स गावावर वास पसरायचा, ओल्या मातीचा आणि उकडलेल्या भाजीचा. बायका दोरीवरचे कपडे आत घ्यायच्या. ही म्हणाली, "विचारा त्यांना, आता त्या दिवसांत काय वाटतं?" मी विचारलं. तो म्हणाला, काही नाही, कपडे बाहेरच असतात.

ही माझे शर्ट तीस वर्षं दोनदा भिजवायची, मळीचा वास जात नाही म्हणून. ती पुढं काही बोलली नाही. पर्स उघडून भडंगाचं शेवटचं पाकीट काढलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. सांगलीहून सहा आणली होती, सात दिवस पुरवून पुरवून वापरलेली. त्यानं एकेक दाणा उचलून खाल्ला. आधी शेंगदाणे संपवले, मग लसूण. मुरमुरे उरले. उलटं असतं हे सांगायचं राहून गेलं.

कॅशेल सोडल्यावर मोटरवे. पंधरा-वीस मिनिटांत 'हॉर्स अँड जॉकी' नावाच्या गावाची पाटी आली (गावाचं नाव आहे हे, खानावळीचं नाही) आणि खाली थर्ल्स. ड्रायव्हरनं एक बोट उचललं. तिकडं, दहा मिनिटं. मी मॅनेजर पोराकडं बघितलं. त्यानं माझ्या डोळ्यांतलं ओळखलं आणि हात जोडले, "काका, डब्लिनला शॉपिंगला अडीच तास दिलेत, त्यातले गेले तर काकू लोक मला सोडणार नाहीत." खरं होतं. आणि जाऊन बघणार काय, जे नाही ते? पाटी गेली. मी मान वळवून ती बसच्या शेवटापर्यंत बघितली, म्हणजे मला सांगायला नको होतं, पण बघितली.

त्यानंतर बसमध्ये पाकीट फिरायला लागलं. ड्रायव्हरसाठी. कंपनीनं टिपचे पैसे आधीच घेतलेत, हे तीन जणांनी तीनदा सांगितलं. मिरजेच्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, हे टिप नाही, आपली खुशी. मग खुशी किती, यावर किल्डेअरपर्यंत चर्चा. माणशी पाच युरो म्हणजे पाचशेच्या आसपास रुपये, असं कुणीतरी गुणून सांगितल्यावर खुशी जरा कमी झाली. आम्हा लोकांचं असं आहे, विमानतळावर पाण्याच्या बाटलीला चार युरो देताना गुणाकार आठवत नाही. त्या शिक्षिकाबाईंनी सगळी नाणी ओंजळीत घेऊन एक वर धरलं. आयर्लंडच्या युरो नाण्यांच्या मागं वीणेसारखं वाद्य असतं, हार्प. "नाण्यावर तंतुवाद्य काढणारा देश आहे हा. मिरजेच्या लोकांनी तरी हात आखडू नये." त्यानंतर मिरजेच्या सहाही जणांनी दहा-दहा दिले. सांगलीवाल्यांना मग द्यावेच लागले.

मधल्या काळात मॅनेजरनं माइकवर बटाट्याच्या दुष्काळाचं सांगितलं. १८४५ ते १८५२. गोरगरीब सगळे एका बटाट्यावर जगणारे, त्यातही बहुतेक एकाच जातीचा बटाटा, आणि त्यावर रोग आला. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. आणि त्या काळात धान्य बोटीत भरून बाहेर जातच होतं. बस गप्प झाली. तासगावकरांनी मागून विचारलं, रोग कसला? करपा. पावसाळी हवेत पानं काळी पडतात, दोन-चार दिवसांत रान झोपतं. "मग मोरचूद-चुना का नाही मारला?" मोरचूद-चुना म्हणजे बोर्डो मिश्रण, त्यांच्या रोजच्या वापरातलं, द्राक्षावर डाऊनी रोग आला की हात तिकडंच जातो. मी मोबाइलवर बघून सांगितलं, ते फ्रान्समध्ये द्राक्षावर निघालं १८८५च्या सुमारास. त्यांनी मनात वजाबाकी केली. "चाळीस वर्सं," म्हणाले. बाहेर पाऊस हवेत उभाच होता. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "औषध सोपं हुतं की हो."

पोर्टलिशचा टोल, मग किल्डेअरची माळरानं, मेंढ्या, मग गोदामं, मग डब्लिनचा ट्रॅफिक. यात सांगण्यासारखं काही नाही. मी झोपलो होतो, पहिल्या सीटवर असून. ही उठवत नव्हती म्हणे, कारण ड्रायव्हरनं तिला तोंडावर बोट ठेवून खूण केली होती.

शॉपिंगला उतरलो तेव्हा हिनं सुनेला स्वेटर घेतला. सांगलीत स्वेटर कधी घालणार ते विचारायचं नसतं.

सहाला हॉटेल. पाऊस थांबला होता. ड्रायव्हर बसच्या पोटातून बॅगा काढून ओळीनं लावत होता. आमची तीन चाकांची त्यानं ओळखली आणि भिंतीला टेकवून ठेवली, पडू नये म्हणून. मॅनेजरनं सगळ्यांच्या वतीनं पाकीट दिलं, टाळ्या झाल्या, फोटो झाला. लोक पांगले. ही तिथंच पर्समध्ये काहीतरी शोधत उभी. शेवटी स्टीलची लहान डबी काढली. प्रवासात पाण्याबरोबर तोंडात टाकायला गूळ बरोबर असतो तिच्या, मला दाखवत नाही. एक खडा उरला होता. "त्यांना द्या. म्हणावं, आमच्याकडचा वास घ्या."

मी ते इंग्रजीत जमेल तसं सांगितलं. बीटचा गूळ होत नाही, त्याची मळी माणसाला खाववत नाही, त्यामुळं त्यानं असलं काही पाहिलेलं नसणार. त्यानं हातमोजा काढला, खडा तळहातावर घेतला, नाकाजवळ नेला. डोळे मिटून चांगला लांब श्वास घेतला. मी आणि ही, दोघं त्याच्या तोंडाकडं बघत होतो.

त्यानं मान हलवली. "नाही. आमचा असा नव्हता. आमचा वाईट होता."

मग खडा तोंडात टाकला, गालात एका बाजूला सरकवला आणि बसच्या पोटाचं दार खाली ओढायला लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी नवा ग्रुप यायचा होता, त्याआधी बस धुवायची होती. आमच्या सीटखाली शेंगदाण्याची सालं सांडली असतील, असं ही म्हणाली. मी म्हटलं, भडंगाला सालं नसतात. ती म्हणाली, तुम्ही खारे पण खाल्लेत, मी बघितलंय.